नवस नसताना डोंगर



मागच्या वेळी याच रेडिओवर मी तूरडाळीच्या पॅकिंगबद्दल बोलले होते. आज धंद्याचं काही नाही, आज एका डोंगराचं सांगते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गटातल्या आम्ही अकरा जणी भोकरहून कळसूबाईला जाऊन आलो. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर. उंची १६४६ मीटर, फुटात सांगायचं तर पाच हजार चारशे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात तो येतो. पलीकडून नाशिकचा इगतपुरी तालुका लागतो.

निघायच्या आधी सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा नवस हाय?"

म्हटलं, कुणाचाच नाही.

"मग पाव्हणे हायेत का तिकडं?"

नाहीत.

"मग कशाला जायलीस?"

म्हटलं, बघायला. त्यावर त्या गप्प बसल्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच उमजत नव्हतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडची बाई घराबाहेर पडते ती माहेरला, लग्नाला, दवाखान्यात, देवाला, नाहीतर कामाला. नुसतं बघायला कोण जातं? माहूरला आपण सगळ्याच जातो. तोही डोंगरच आहे. पण रेणुकामातेचं दर्शन झालं, ओटी भरली, प्रसाद घेतला की पाय गाडीकडं वळतात. मी लग्न झाल्यापासून कितीदा माहूरला गेले त्याची मोजदाद नाही, पण कडेला उभं राहून खालचं जंगल कसं दिसतं ते एकदाही बघितलं नव्हतं.

हा विषय निघाला तो गटाच्या बैठकीत, आणि काढला आमच्यातल्या एका मावशीनं. मावशी बारा वर्षं कोयत्यावर जायच्या. नवरा-बायकोचा एक कोयता, दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि संगमनेरच्या पट्ट्यात ऊस तोडायला जायचं. मावशी म्हणाल्या, "पहाटं फडात उतरलं की पलीकडं निळा डोंगर दिसायचा. रोज दिसायचा. बारा वर्सं बघितला, पण त्याच्या पायाला हात नाही लावला." एवढंच बोलल्या आणि हप्त्याचे पैसे मोजून पुढं सरकवले. बैठक झाली, सगळ्या घरी गेल्या, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं. नेहमीच्या बचतीला हात लावायचा नाही, सहलीसाठी कर्जही काढायचं नाही. महिन्याला शंभर रुपये प्रत्येकीनं वेगळे द्यायचे, त्याचा डबा वेगळा, त्याची वही वेगळी. अठरा महिने चालवलं. माणशी अठराशे जमले. दोघींचे मधे तीन-चार महिने चुकले, त्यांनी तूर निघाल्यावर भरले. त्या अठराशेत रेल्वे, एसटी, जीप, एक मुक्काम आणि जेवण सगळं बसलं. एसटीला १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. पण आपण ते बाजाराला आणि माहेरला जाण्यापुरतंच वापरतो. तेच अर्धं तिकीट नाशिकच्या डोंगरात पण चालतं.

हे बायकांचं काम नाही, असं म्हणणारे भेटलेच. "डोंगर चढणं शहरातल्या पोरांचं, तुमचे गुडघे बघा आधी." गुडघ्यांचं त्यांचं बरोबर होतं. पण शहराचं बरोबर नव्हतं. आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा आठवा. पाकाला नावाच्या लहानशा गावातली, लंबाडा समाजातली, म्हणजे आपल्या तांड्यावरच्याच पोरीसारखी पोर. आईबाप शेतमजूर. सरकारी निवासी शाळेत शिकत होती. शाळेनं तिला भोंगीरच्या खडकावर दोर बांधून चढायला शिकवलं, मग दार्जिलिंगला पाठवलं, आणि २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा चौदा वर्षं पूर्ण व्हायला तिला अजून पंधरा-सोळा दिवस होते. तिच्यावर २०१७ साली 'पूर्णा' नावाचा हिंदी सिनेमा आला. आम्ही तो मोबाइलवर गटाच्या बैठकीत लावला होता. तांड्यावरच्या दोघी तर उठायलाच तयार नव्हत्या.

आता प्रवासाचं. भोकरला नंदीग्राममध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच नाशिकरोडला उतरलो. तिथून एसटीनं घोटी, घोटीहून जीपनं बारी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. घोटी सोडली आणि जीपमधल्या गप्पा बंद झाल्या. दोन्हीकडं डोंगर. आपल्याकडं भोकरला, किनवटकडं डोंगर आहेत, नाही असं नाही, पण ते बसलेले डोंगर. हे उभे. काळ्या दगडाच्या भिंती, एकावर एक थर घातल्यासारख्या. जीपवाला म्हणाला, ही सगळी सह्याद्रीची रांग. तापीपासून सुरू होते ती खाली दक्षिणेच्या टोकापर्यंत, सोळाशे किलोमीटर. मावशींनी विचारलं, "संगमनेरहून दिसायचा तो हाच का?" तो म्हणाला, "हाच, त्याचीच पलीकडची बाजू."

पहिला दिवस आम्ही चढायला ठेवला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण रात्रभर गाडीत बसून सकाळी लगेच चढायला गेलं की पाय आणि डोकं दोन्ही दगा देतात. बारीतल्या एका घरी उतरलो. तिथं बरीच घरं पाहुण्यांना राहायला-जेवायला देतात. दुपारी पुढं शेंडीला जाऊन भंडारदऱ्याचं धरण बघितलं. इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पुरं झालेलं, प्रवरा नदीवर. एवढं निळं पाणी बघून आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "हे आपल्याकडं असतं तर?"

तर मैत्रिणींनो, हे पाणी आपल्याकडंच येतं. मी शाळेत भूगोल शिकले होते, पण तो कागदावर होता. प्रवरा पुढं जाऊन प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. गोदावरी पैठणला जायकवाडीत थांबते आणि तिथून खाली आपल्या नांदेडला येते, विष्णुपुरीला. गोदावरी स्वतः पण सह्याद्रीतच निघते, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. म्हणजे नांदेडच्या घाटावर आपण कार्तिकात दिवे सोडतो, त्या पाण्यातलं थोडं पाणी या डोंगरावरून उतरलेलं असतं.

आणि आपल्याकडं पाऊस कमी का पडतो त्याचं उत्तरही याच डोंगरात आहे. समुद्राकडून ढग येतात, या भिंतीला अडतात, वर चढतात, वर गार होऊन तिथंच रिकामे होतात. भंडारदऱ्याच्या पाठीमागं घाटघर नावाचं गाव आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाच हजार मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. ते पाणी वाहून न जाता जागेवर उभं राहिलं तर आपलं पत्र्याचं घर बुडून वर पाणी उरेल. आपल्या नांदेडला आठ-नऊशे, लातूरकडं त्याहून कमी. डोंगर ओलांडून जे ढग येतात ते निम्मे झालेले असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण कुणी विसरलेलो नाही.

संध्याकाळी चुलीपाशी बसलो. घरची बाई नागलीची भाकरी थापत होती. नागली म्हणजे नाचणी. आपल्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा काळी आणि जरा चिवट, पण पिठल्याबरोबर छान लागते. भात त्यांचा स्वतःच्या शेतातला, पावसाळ्यात आवणी करून लावलेला. बोलता बोलता मी म्हटलं, तुमचं बरं आहे, पाण्याला तोटा नाही. ती हसली. म्हणाली, "चार महिने घरात पाणी गळतं, आणि एप्रिल-मेला हंडा घेऊन लांब जावं लागतं. डोंगरावरलं पाणी डोंगरावर थोडंच थांबतं? तुमच्याकडंच जातं की." आमच्यातली कुणी काही बोललं नाही. टीव्हीवर दर दोन-चार वर्षांनी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून भांडण लागतं, तेव्हा मी पण घरात बसून वरच्यांना बोलले आहे. त्या वरच्यांत ही चुलीपुढची बाई धरलीच नव्हती मी.

मग तिनंच कळसूबाईची गोष्ट सांगितली. काळसू नावाची कोळ्याची मुलगी होती. इंदोरे गावात पाटलाकडं कामाला राहिली. राहतानाच तिनं सांगितलं होतं, बाकी सगळं काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पाटलानं मान्य केलं. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरात पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, आणि निघाली ती डोंगरावर जाऊन राहिली, परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, अशी नावं तिकडं अजून सांगतात. मी ही गोष्ट ऐकली आणि आमच्या अकरा जणींची तोंडं बघितली. एक जण म्हणाली, "आगं बाई, आपण तर रोजच जायला पाहिजे मग डोंगरावर!" असं हसू फुटलं की पलीकडच्या खोलीतले पाहुणे उठून बघायला आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी कडाक्याची. हातात बॅटऱ्या. सगळ्यात हळू चालणारी पुढं आणि तिच्या चालीनं बाकीच्या मागं, असं आधीच ठरवलं होतं. हे एक ठरवलं म्हणून आमच्यात कुणी मागं राहून रडलं नाही. सुरुवातीला शेतातून वाट, मग दगडाच्या पायऱ्या, कुठं गुडघ्याएवढ्या उंच. जिथं कडा सरळ आहे तिथं लोखंडी शिड्या लावल्या आहेत, धरायला दोन्हीकडं लोखंडी दांडे. शिडी चढताना खाली बघायचं नाही असं सगळे सांगतात. मी बघितलं. बघू नका.

वाटेत जागोजागी गावातल्या बाया लिंबू सरबत, काकडी, चहा घेऊन बसलेल्या. त्यांना विचारलं तर पाणी, साखर, रॉकेल-लाकूड सगळं रोज पहाटे डोक्यावरून वर आणतात. आपण एकदा रिकाम्या हातानं चढलो तर धाप लागते. दहा-वीस रुपयांच्या सरबताला घासाघीस करू नका, एवढंच सांगते.

एका शिडीपाशी पोरापोरींचा घोळका भेटला, पाठीवर दोर, डोक्यावर हेल्मेट. सांदण दरीत दोरावरून उतरून आले होते. त्यातली एक पोर लातूरची निघाली, पुण्याला इंजिनिअरिंगला. आमची बोली ऐकून थांबली. "काकू, नांदेडच्या का? एकट्याच आलात?" मी म्हटलं, अकरा जणी म्हणजे एकट्या का गं? ती ओशाळली. मग तिनं आम्हाला दोराची गाठ कशी मारतात ती दाखवली. आमच्यातल्या एकीनं ती लगेच मारून दाखवली, कारण म्हशीच्या दाव्याला आपण जवळपास तीच मारतो.

शेवटच्या शिडीच्या अलीकडं एक विहीर आहे. तिथं पोचलो आणि आमच्यातल्या एका वहिनीला चक्कर आली. बीपीची गोळी सकाळी घाईत घ्यायची राहिली होती. बॅगेत होती, पण घेतली नव्हती. चेहरा पांढरा पडला, हात गार. तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं, मग गोळी दिली. अर्ध्या तासानं रंग आला. पण पुढं शिडी चढवायची हिंमत माझी झाली नाही, आणि तिला एकटीला बसवून जाणंही बरं दिसेना. मी बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही जा.

त्यामुळं खरं सांगायचं तर मी स्वतः कळसूबाईच्या माथ्यावर गेलेली नाही. वीस-पंचवीस मिनिटांची वाट राहिली. वहिनी सारखी म्हणत होती, माझ्यामुळं तुमचं राहिलं. मी म्हटलं, गप बस, काकडी खा. पण आतून वाईट वाटलं होतं, ते लपवत नाही.

वरून आल्यावर बाकीच्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगते. माथ्यावर छोटंसं देऊळ आहे, तीन-चार माणसं मावतील एवढंच. वारा असा की पदर हातात धरून ठेवावा लागतो. खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या पलीकडं रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले शेजारी शेजारी. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला सप्तशृंगीकडची रांग पण दिसते म्हणे. साडेतीन पीठांतलं ते अर्धं पीठ, आणि आपलं माहूर पूर्ण. एकीनं तिकडं तोंड करून हात जोडले, मग माहूर कुठल्या दिशेला ते कळेना म्हणून चारी दिशांना जोडले.

ऊसतोडीच्या मावशी सगळ्यात शेवटी उतरल्या. मी विचारलं, काय बघितलं? म्हणाल्या, "संगमनेरकडं बघत बसले. वरून फड लई बारके दिसायलेत." आणि चपला हातात घेऊन शिडी उतरायला लागल्या.

आता ज्यांच्या मनात जायचं आहे त्यांच्यासाठी. रबरी चप्पल घालून जाऊ नका. आमच्यातल्या तिघींच्या चपला तुटल्या, मावशी तर निम्मा डोंगर अनवाणी उतरल्या. बाजारात कापडी बूट मिळतात, ते घ्या आणि आठ दिवस आधीपासून घालून शेतात फिरा, नाहीतर फोड येतात. साडी चालते, पण खोचून, नाहीतर लेकीचा पंजाबी ड्रेस घाला, कुणी हसत नाही. दोन लिटर पाणी प्रत्येकीचं स्वतःचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. बीपी-शुगरच्या गोळ्या गळ्यातल्या पिशवीत, आणि चढायच्या आधी एकमेकींनी विचारायचं, घेतली का? वर वाटेत संडासाची सोय नाही, ते खालीच उरकून निघायचं. पाळी असेल तर कापड किंवा पॅड कागदात गुंडाळून परत खाली आणायचं, झुडपात टाकायचं नाही. हे अभयारण्य आहे, १९८६ पासून. आम्ही गेलो तेव्हा झुडपात पाण्याच्या बाटल्या, वेफरच्या पुड्या इतक्या होत्या की बघून जीव उबगला. दोघींनी गोण्या भरून खाली आणल्या, बाकीच्यांना लाज वाटली म्हणून आम्ही पण वेचल्या.

पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा फोटो फार सुंदर येतात, डोंगर हिरवागार, धबधबे, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि सुटीच्या दिवशी शिडीवर माणसाला माणूस लागतो. मे-जूनला काजवे बघायला पण भंडारदऱ्याकडं गर्दी होते. नवरात्रात देवीची जत्रा असते. आपल्याला सोयाबीन-कापसातून सवड मिळते ती संक्रांतीनंतरच, आणि तोच वेळ चांगला. गवत पिवळं पडलेलं असतं, पण वाट कोरडी आणि लांबचं स्पष्ट दिसतं.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. पाय दाबून देत देत मी त्यांना काळसूची गोष्ट सांगितली, भांडी आणि केराची. त्यांनी ऐकली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वर खायला काय होतं तिला?" मी म्हटलं, ते विचारायचं राहिलं.

"पुढच्या बारीला इचार," म्हणाल्या.

डबा आम्ही परत सुरू केला आहे. या वेळी पंधरा जणी आहेत. वहिनीनं पहिले शंभर भरले, आणि वहीत माझ्या नावापुढं तिनंच लिहून ठेवलं आहे, 'शेवटची शिडी बाकी'.